टीमक्सचे शॉर्टकट: बटण दाबलं, पण पोचलं कुठवर?

दिग्रसकडच्या एका भावानं विचारलंय, ते थोडक्यात असं: ‘जुना लॅपटॉप घेऊन त्यावर उबुंटू टाकलं आणि टीमक्समध्ये (एका टर्मिनलात अनेक विंडो आणि त्यांचे तुकडे, म्हणजे पेन, चालवणारा आणि खिडकी बंद केली तरी काम चालू ठेवणारा प्रोग्रॅम) स्वतःचे शॉर्टकट बसवले. प्रिफिक्स, म्हणजे शॉर्टकटाच्या आधी दाबायची बटणं, कंट्रोल-ए ठेवला. कंट्रोल-शिफ्ट-टी दाबून नवी विंडो उघडावी म्हटलं तर टर्मिनलचाच टॅब उघडतो. ऑल्ट आणि बाण दाबून पेन बदलतो, पण कंपनीच्या सर्व्हरवरच्या टीमक्समध्ये शिरलो की तिथले पेन बदलत नाहीत. एक शॉर्टकट टीमक्सच्या सेटिंग फाइलमधून काढून टाकला, लॅपटॉप रोज रात्री बंद करतो, तरी तो अजून चालतोच. आणि सगळ्यात वैताग म्हणजे कधीकधी प्रिफिक्सनंतरचं एकही अक्षर काम करत नाही, बाण मात्र चालतात, आणि थोड्या वेळानं आपोआप सगळं सुरळीत होतं. दिवसा याच लॅपटॉपवर गावातल्या सेवा केंद्राचं मराठी टायपिंगही करतो, त्यामुळे मशीन बिघडलं तर दोन्ही कामं बुडतील. फाइल सोबत जोडली आहे. तिच्यात काय चुकलंय?’

भाऊ, तुमची फाइल दोनदा वाचली. तिच्यात एक चूक आहे, पण या चारपैकी एकाही दुखण्याचं कारण ती नाही. तिच्याकडे शेवटी येते. तुमची चार बटणं चार वेगवेगळ्या ठिकाणी अडलीत आणि तुम्ही ती चारही एकाच फाइलीत शोधताय. म्हणून ती फाइल उलटीपालटी करूनही हाती काही लागत नाही.

मी सर्व्हर सांभाळायचं काम करते. आधी पुण्यात होते, आता वरुड तालुक्यात सासरच्या घरून तेच चालू आहे. आमचे सासरे संत्र्याच्या बागेतलं ठिबक बघतात. एखादं झाड कोमेजलेलं दिसलं की नवीन गडी धावत जाऊन त्या झाडाचा ड्रिपर बदलतो. सासरे आधी मोटरीपाशी जातात, मग फिल्टर उघडतात, मग व्हॉल्व्ह, मग लॅटरल उचलून बघतात, की पाणी आलंय तरी कुठवर? बहुतेक वेळा ड्रिपर चांगला असतो आणि कचरा फिल्टरमध्ये असतो. शॉर्टकट अडला की मीही तेच करते. ‘ओळ चुकली का’ हे नंतर. आधी ‘बटण पोचलं कुठवर’.

(लाइन गेलीय, मोबाइलवरून लिहितेय. आज्ञा इथं देवनागरीत आहेत, तुम्ही टाकताना रोमनमध्येच टाका. जिथं अक्षर मोठं हवं तिथं सांगते.)

तुम्ही बटण दाबता तिथून ते टीमक्सपर्यंत जाईतो मध्ये किती दारं आहेत ते बघा. पहिलं दार डेस्कटॉपचं. उबुंटूवर ते गनोम असतं आणि सुपर बटणाचे (विंडोजचं चिन्ह असलेलं), ऑल्ट-टॅबसारखे शॉर्टकट ते तिथंच ठेवून घेतं. त्याच्याच शेजारी भाषा बदलणारा बसलेला असतो, जो तुमच्या इंग्रजी अक्षराचं मराठी करतो. दुसरं दार टर्मिनलचं, म्हणजे ज्या खिडकीत तुम्ही टाइप करता ती. तिलाही स्वतःचे शॉर्टकट आहेत. तिसरं दार तुमच्या लॅपटॉपवरचं टीमक्स. तुम्ही एसएसएच करून, म्हणजे दुरून लॉगिन होऊन, सर्व्हरवर गेलात तर चौथं दार तिथलं टीमक्स, आणि सगळ्यात आत आज्ञा चालवणारं बॅश किंवा फाइली लिहायचं व्हिम. प्रत्येक दारावरचा माणूस तीनपैकी एक काहीतरी करतो: बटण स्वतःकडे ठेवतो, बदलतो, किंवा जसंच्या तसं पुढं सोडतो. आणि तो पुढच्याला काही सांगत नाही. टीमक्सला तुमचं बटण दिसलंच नाही तर ते तक्रार कशाची करणार?

आता दारं तपासायची कशी. टीमक्समधून डिटॅच होऊन, म्हणजे ते मागं चालू ठेवून बाहेर पडून, साध्या टर्मिनलमध्ये या, ‘कॅट -व्ही’ टाकून एंटर करा आणि ज्या बटणांवर संशय आहे ती एकेक दाबा. कंट्रोल-ए दाबलं की ^ हे टोपीचं चिन्ह आणि त्याला लागून ए उमटायला हवं. ऑल्ट आणि डावा बाण दाबला की साधारण ^[[ मग १, अर्धविराम, ३ आणि शेवटी डी असं दिसेल. यातला दुसरा आकडा वाचायला शिका, फार कामाचा आहे. मूळ १ धरायचा, त्यात शिफ्टचा १, ऑल्टचे २ आणि कंट्रोलचे ४ मिळवायचे. म्हणून नुसत्या ऑल्टला ३, कंट्रोलला ५, कंट्रोल-शिफ्टला ६. बाणासोबत ६ दिसला तर टर्मिनलनं दोन्ही बटणं इमानदारीनं पुढं पाठवली. काहीच उमटलं नाही, किंवा भलतंच घडलं (टॅब उघडला, मेन्यू खाली आला, आवाज वाढला) तर बटण टर्मिनलच्या पलीकडे गेलेलंच नाही. मग टीमक्सच्या फाइलीत रात्रभर बसलात तरी उपयोग नाही. कंट्रोल-एस दाबल्यावर स्क्रीन गोठली तर घाबरू नका, कंट्रोल-क्यू दाबा. कंट्रोल-सी दाबलं की कॅट बंद होतं, तेही बरोबरच आहे.

इथं बटण दिसलं की टीमक्सच्या आत जा. प्रिफिक्स आणि कोलन दाबलं की खाली आज्ञेची ओळ उघडते. तिथं मी त्या बटणाला काम न देता नुसता निरोप बांधते: ‘बाइंड -एन एम-लेफ्ट डिस्प्ले पोचलं’. एम म्हणजे मेटा, आपलं ऑल्ट. -एन म्हणजे प्रिफिक्स न लावता. आता ऑल्ट-डावा बाण दाबा. खालच्या पट्टीवर ‘पोचलं’ दिसलं तर टीमक्सपर्यंतचा सगळा रस्ता मोकळा आहे आणि दोष तुम्ही बांधलेल्या आज्ञेत आहे. दिसलं नाही तर दोष रस्त्यात. इतकी साधी गोष्ट, पण माझा अर्धा वेळ यानंच वाचतो. काम झालं की फाइल पुन्हा लोड करा, तुमची मूळ ओळ परत बसते.

तिसरी गोष्ट, टीमक्सच्या डोक्यात या क्षणी काय आहे ते त्यालाच विचारा. ‘टीमक्स लिस्ट-कीज -टी रूट’ टाकलं की प्रिफिक्सशिवायचे सगळे शॉर्टकट दिसतात, रूटच्या जागी प्रिफिक्स लिहिलं की प्रिफिक्सनंतरचे. टी मोठा घ्या. टीमक्समध्ये शॉर्टकटांचे असे वेगवेगळे तक्ते आहेत, स्क्रीनवरचा मजकूर उचलायच्या कॉपी-मोडचे तर आणखी दोन वेगळे. योग्य ओळ चुकीच्या तक्त्यात बसली की माणूस ‘लिहिलंय तर खरं’ म्हणत डोकं खाजवतो. फाइलमध्ये काय लिहिलंय याला तोपर्यंत काही किंमत नाही, जोपर्यंत ते या यादीत दिसत नाही.

आता तुमच्या चार तक्रारी.

कंट्रोल-शिफ्ट-टी सर्वांत सोपी आणि सर्वांत निराशेची. गनोम टर्मिनल ते नव्या टॅबसाठी ठेवून घेतं, हे झालं पहिलं अडणं. तुम्ही म्हणाल, टर्मिनलच्या सेटिंगमधून तो शॉर्टकट काढून टाकतो. काढा, पण मग दुसरं अडणं समोर येईल. टर्मिनलचा जुना करार असा आहे, की कंट्रोल लावलेलं अक्षर म्हणजे १ ते २६ पैकी एक आकडा: ए म्हणजे १, झेड म्हणजे २६. अक्षरांना आकडे देणाऱ्या, १९६३ साली आलेल्या आस्की कोडातली ही रचना. या २६ आकड्यांत शिफ्टला जागाच नाही. त्यामुळे कंट्रोल-शिफ्ट-टी आणि नुसतं कंट्रोल-टी हे आतल्या प्रोग्रॅमला एकच दिसतात. बाणांसोबत शिफ्ट कळते कारण तिथं तो वेगळा आकडा जातो, अक्षरांसोबत ती वाटेतच गळते. टीमक्सच्या ३.२ आवृत्तीपासून ‘एक्स्टेंडेड-कीज’ नावाची सोय आहे, तिनं हा फरक पुढं पाठवता येतो. पण टर्मिनललाही ती भाषा यायला हवी आणि आतल्या प्रोग्रॅमलाही. तुमच्या जुन्या लॅपटॉपवर एका शॉर्टकटासाठी मी त्या भानगडीत पडले नसते. नव्या विंडोसाठी प्रिफिक्स आणि सी आधीपासून आहे. तेच वापरा.

याच कराराचा दुसरा फटका मी स्वतः खाल्लाय, तो सांगते म्हणजे तुम्ही खाणार नाही. त्या २६ आकड्यांत ९ म्हणजे आय, आणि ९ म्हणजेच टॅब. १३ म्हणजे एम, आणि १३ म्हणजेच एंटर. मला हे माहीत नव्हतं तेव्हा मी मोठ्या हौसेनं ‘एम फॉर माऊस’ म्हणून कंट्रोल-एम प्रिफिक्सशिवाय बांधलं, माऊस चालू-बंद करायला. झालं! एंटर दाबलं की माऊस चालू, पुन्हा एंटर दाबलं की माऊस बंद, आणि एकही आज्ञा पुढं सरकेना. दुरुस्त करायला आज्ञा टाकावी तर तिच्या शेवटी एंटरच दाबावं लागतं. शेवटी दुसऱ्या खिडकीतून सर्व्हरवर शिरून ‘टीमक्स अनबाइंड -एन सी-एम’ टाकलं तेव्हा सुटका झाली. नव्या आवृत्त्यांनी बटणं ओळखायची पद्धत सुधारलीय, तरी आय, एम आणि एच ही तीन अक्षरं कंट्रोलसोबत मी आजही बांधत नाही. एचचा ८ हा बॅकस्पेसचा जुना आकडा आहे.

दुसरी तक्रार टीमक्सच्या आत टीमक्सची. ऑल्ट-बाण तुम्ही लॅपटॉपवर रूट तक्त्यात बांधलाय. म्हणजे लॅपटॉपचं टीमक्स तो बाण बघताक्षणी स्वतःचं पेन बदलतं, सर्व्हरवरच्या टीमक्सला त्याचा वासही लागत नाही. प्रिफिक्सचंही तेच, दोन्हीकडे कंट्रोल-ए असेल तर पहिला मान बाहेरच्याचा.

गंमत म्हणजे टीमक्सचा मूळ प्रिफिक्स कंट्रोल-बी आहे तो याच भांडणामुळे. त्याच्या आधी लोक जीएनयू स्क्रीन वापरत, १९८७ पासूनचं, आणि स्क्रीनचा प्रिफिक्स कंट्रोल-ए. निकोलस मॅरियट यांनी २००७ मध्ये टीमक्स आणलं. ते सुरुवातीला घडत होतं स्क्रीनच्याच आत, म्हणून स्क्रीनशी टक्कर नको म्हणून त्यांनी पुढचं अक्षर घेतलं. आणि आता आपण सगळे सवयीनं ते परत कंट्रोल-ए करून तीच टक्कर विकत आणतो. मीही करते. बॅशमध्ये कंट्रोल-ए ओळीच्या सुरुवातीला नेतं, ते गमावतो ते वेगळंच.

उपाय दोन. साधा उपाय असा, की लॅपटॉपवर कंट्रोल-ए ठेवा, सर्व्हरवर मूळचा कंट्रोल-बी राहू द्या. हात आठवड्याभरात शिकतो. दोन्हीकडे एकच हवा असेल तर फाइलीत ‘बाइंड सी-ए सेंड-प्रिफिक्स’ ही ओळ हवी, ती तुमच्याकडे नाही. तिच्यामुळे कंट्रोल-ए दोनदा दाबलं की दुसरं आतल्याला मिळतं. पण प्रिफिक्सचे हे दोन्ही मार्ग तुमच्या ऑल्ट-बाणाला कामाचे नाहीत, कारण त्याला प्रिफिक्सच नाही.

त्याच्यासाठी मी बाहेरच्या टीमक्सला झोपवायचं बटण ठेवलंय. फाइलीत दोन ओळी. पहिली: ‘बाइंड -टी रूट एफ१२ सेट प्रिफिक्स नन \; सेट की-टेबल ऑफ’. दुसरी: ‘बाइंड -टी ऑफ एफ१२ सेट -यू प्रिफिक्स \; सेट -यू की-टेबल’. दोन्हीकडे टी मोठा, यू छोटा, आणि नन मधलं पहिलं अक्षर मोठं. एफ१२ दाबलं की बाहेरचं टीमक्स ‘ऑफ’ नावाच्या रिकाम्या तक्त्यावर जातं. त्यात एफ१२ शिवाय काहीच नाही, म्हणून बाकी सगळी बटणं सरळ आत जातात. पुन्हा एफ१२ दाबलं की ते जागं. यात एक धोका आहे. झोपवलंय हे विसरलात तर ‘आता काहीच चालत नाही’ म्हणून पुन्हा फाइल उघडून बसाल. म्हणून त्याच ओळींत खालच्या पट्टीचा रंग बदलायची आज्ञा जोडा. माझी पट्टी झोपेत लाल होते. आणि लॅपटॉप नवा असेल तर एफची बटणं आवाज आणि उजेडाची कामं करतात, सोबत एफएन दाबावं लागतं. हेही ‘कॅट -व्ही’त लगेच कळतं.

तिसरी तक्रार वाचून मला आधी वाटलं, नेहमीचंच आहे. टीमक्स आपली फाइल फक्त एकदाच वाचतं, त्याचा सर्व्हर पहिल्यांदा सुरू होतो तेव्हा. नंतर तुम्ही ‘सोर्स-फाइल’ करून ती पुन्हा वाचायला लावली तरी त्यातल्या ओळी फक्त वरून लावल्या जातात. काढून टाकलेली ओळ म्हणजे काही ‘हे विसर’ अशी आज्ञा नव्हे. आधी शिकवलेलं त्याच्या डोक्यात तसंच राहतं. विसरायला लावायचं तर ‘अनबाइंड’ लिहावं लागतं, किंवा ‘टीमक्स किल-सर्व्हर’ करून सगळं नव्यानं. टर्मिनलची खिडकी बंद केल्यानं टीमक्स मरत नाही. मरू नये म्हणूनच तर आपण ते वापरतो.

पण मग तुमचं दुसरं वाक्य नजरेत आलं, की लॅपटॉप रोज रात्री बंद करता. लॅपटॉप बंद झाला की त्याच्यावरचं टीमक्स संपलं, डोक्यातलं सगळं पुसलं. तरीही तो शॉर्टकट सकाळी जिवंत असेल, तर तो लॅपटॉपवरचा नाहीच. तो कंपनीच्या सर्व्हरवरच्या टीमक्सचा आहे, जे महिनोन्महिने चालू असेल. आणि ते टीमक्स तुमच्या लॅपटॉपवरची फाइल वाचत नाही, सर्व्हरवरच्या होम फोल्डरमधली वाचतं. माझा अंदाज असा, की कधीतरी तुम्ही ही फाइल तिकडं कॉपी केली आणि विसरलात. सर्व्हरवर जाऊन तिथली यादी काढा, त्यात तो शॉर्टकट सापडेल. तिथं ‘किल-सर्व्हर’ मात्र करू नका, चालू कामं सगळी जातील. नुसतं ‘अनबाइंड’ करा आणि तिथल्या फाइलीतूनही ओळ काढा. लॅपटॉपवरच सापडला तर माझा अंदाज चुकला. मग टीमक्स आणखी कुठली फाइल वाचतंय का बघा. होममधल्या कॉन्फिग फोल्डरमध्ये एक असू शकते आणि ईटीसी फोल्डरमध्ये सगळ्यांसाठीची एक.

आता चौथी. खरं सांगते, याच तक्रारीसाठी मी एवढं लिहायला बसले. अक्षरं मेली पण बाण जिवंत, आणि थोड्या वेळानं आपोआप ठीक. तुम्ही जाता जाता लिहिलंत, की मराठी टायपिंगही याच लॅपटॉपवर होतं. भाऊ, तुमचा कीबोर्ड त्या वेळी मराठीवर राहिलेला असतो!

होतं असं. टर्मिनलात कंट्रोल-ए दाबलं की बहुतेक टर्मिनलं हुशारीनं समजून घेतात, की कंट्रोलसोबत मराठी अक्षराला अर्थ नाही, आणि मूळचं ए पुढं पाठवतात. म्हणून प्रिफिक्स पोचतो. पण पुढचं अक्षर नुसतं असतं, त्याच्यासोबत कंट्रोल नाही. इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड मांडणीत सीच्या जागी ‘म’ आहे, एनच्या जागी ‘ल’, पीच्या जागी ‘ज’. टीमक्सला मिळतो प्रिफिक्स आणि त्यामागून ‘म’. त्याच्या तक्त्यात ‘म’ नाही, म्हणून ते काही न बोलता सोडून देतं. बाण मात्र कोणत्याही भाषेत बाणच, म्हणून ते चालतात. मग तुम्ही वैतागून दुसरीकडं काही इंग्रजी लिहायला जाता, कीबोर्ड बदलता, आणि परत आल्यावर ‘आपोआप’ ठीक झालेलं असतं. फोनेटिक, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या उच्चारानं मराठी लिहायची पद्धत वापरत असाल तर आणखी घोळ. तिथं अक्षर पुढच्या अक्षराची वाट बघत मध्येच लटकून राहतं.

खात्री करायची असेल तर मराठी ठेवून ‘कॅट -व्ही’ करा, सीचं बटण आणि एंटर दाबा. वर ‘म’ दिसेल आणि खालच्या ओळीत मोठा एम आणि आडवी रेघ यांनी सुरू होणारे तीन तुकडे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइट घेतं, ते हे तीन.

उपाय सेटिंगमध्ये आहे, टीमक्समध्ये नाही. गनोमच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये सगळ्या खिडक्यांना एकच भाषा की प्रत्येक खिडकीला वेगळी, असं विचारलेलं असतं. वेगळी निवडा. मग टर्मिनल इंग्रजीवर राहील आणि टायपिंगची खिडकी मराठीवर, सुपर-स्पेस दाबत बसायची गरज कमी होईल. मी स्वतः याच्या जोडीला एक आगाऊपणा केलाय. टीमक्सला देवनागरी अक्षरही बटण म्हणून चालतं, म्हणून फाइलीत सरळ ‘बाइंड म न्यू-विंडो’, ‘बाइंड ल नेक्स्ट-विंडो’, ‘बाइंड ज प्रीव्हियस-विंडो’ लिहिलं. काही मांडणींत वरचे आकडेही देवनागरी येतात, त्यासाठी ‘बाइंड १ सिलेक्ट-विंडो -टी १’, यात टी छोटा आणि दुसरा १ रोमन आकड्यात. मात्रा आणि हलंत यांच्या वाटेला मी गेले नाही. डीच्या जागी हलंत येतो, त्यामुळे डिटॅच व्हायला मला अजूनही इंग्रजीवर यावं लागतं. चालतं.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर आहेत, तिथं मी ठोकून सांगणार नाही. ऑल्टचं बटण बऱ्याचदा आधी एस्केप आणि मागून अक्षर असं जातं. टीमक्स एस्केप बघून क्षणभर थांबतं, मागून काही येतंय का म्हणून. ही थांबायची वेळ म्हणजे ‘एस्केप-टाइम’, आधी ५०० मिलिसेकंद असायची, ३.५ पासून १० आहे. व्हिम वापरणारे वैतागून ती शून्य करतात. घरातल्या घरात ते ठीक. पण वावराच्या कडेला मोबाइलच्या एका काडीवर नेट घेऊन एसएसएच करत असाल तर कधी एस्केप पुढं येतो आणि बाकीचा तुकडा मागं राहतो, मग पेन बदलायच्या ऐवजी स्क्रीनवर कंस आणि आकडे सांडतात. मी सर्व्हरवर ५० ठेवते. तुमचं नेट माझ्यापेक्षा बरं असेल तर २० पुरेल.

टर्मिनल बदललं की दारावरचा माणूस बदलतो, हेही लक्षात ठेवा. गनोम टर्मिनल एफ१० मेन्यूसाठी आणि ऑल्टसोबतचे आकडे टॅबसाठी वापरतं. विंडोज टर्मिनल ऑल्ट-बाण स्वतःच्या पेनसाठी ठेवतं. म्हणून तालुक्याच्या सायबर कॅफेत तीच फाइल वेगळी वागली तर फाइलीला दोष देऊ नका. मी लाइन गेली की मोबाइलवरच्या टर्मक्स या टर्मिनल अ‍ॅपमधून सर्व्हरवर शिरते. तिथं आवाज कमी करायचं बटण हेच कंट्रोल, मग अंगठ्यानं ऑल्ट-शिफ्ट-बाण कोण दाबणार? त्यामुळे प्रिफिक्सशिवायचे शॉर्टकट मी कमी करत करत दोनवर आणलेत. बाकी सगळं प्रिफिक्स आणि एक साधं अक्षर. ते कुठल्याही टर्मिनलात चालतं.

राहिली तुमच्या फाइलीतली चूक. तुमची ओळ आहे ‘बाइंड आर सोर्स-फाइल’, पुढं फाइलीचं नाव, मग अर्धविराम आणि ‘डिस्प्ले लोड झालं’. टीमक्ससाठी नुसता अर्धविराम म्हणजे इथं आज्ञा संपली. म्हणून आरला फक्त पहिला भाग बांधला गेला आणि ‘लोड झालं’ ही वेगळी आज्ञा म्हणून फाइल वाचतानाच चालते. प्रत्येक वेळी फाइल वाचली जाते तेव्हा निरोप दिसतोच, त्यामुळे तुम्हाला वाटत राहिलं की ओळ बरोबर आहे. अर्धविरामाच्या आधी उलटी तिरकी रेघ द्या, \; अशी. वरच्या एफ१२ च्या ओळींत मी ती दिलीय ती याचसाठी.

फाइल सुधारून बघायची असेल तर चालू कामाला हात न लावता वेगळं टीमक्स उघडा: ‘टीमक्स -एल तपास -एफ /डेव्ह/नल’, एल मोठा, एफ छोटा. हे स्वतंत्र सर्व्हर म्हणून उठतं आणि तुमची फाइल वाचतच नाही. त्यात एकेक ओळ हातानं टाकून बघा. कोऱ्या टीमक्समध्ये चालली आणि तुमच्यात नाही, तर दोन ओळी एकमेकींवर बसताहेत. दोन्हीकडे नाही चालली, तर पुन्हा ‘कॅट -व्ही’.

एवढं करूनही ऑल्ट-बाण अडलाच तर मला फाइल पुन्हा पाठवू नका. ‘कॅट -व्ही’मध्ये काय उमटलं, ‘टीमक्स -व्ही’नं काय सांगितलं (व्ही मोठा, लॅपटॉपवरचं आणि सर्व्हरवरचं दोन्ही), आणि बटण दाबलं तेव्हा वरच्या पट्टीवर इंग्रजी होतं की मराठी, एवढं लिहा. रात्री थ्री फेज आली की सासरे मोटर लावायला उठतात, मीही तेव्हा जागीच असते. तेव्हा लॅपटॉपवरून बघून सांगते.